तंबाखू लागते कुणाला? फुप्फुसाचा कॅन्सर आणि वारशाने आलेली जनुकं

रात्री साडेदहाला मावसबहिणीने व्हॉट्सॲपवर मावशीच्या रिपोर्टचा फोटो पाठवला. मावशीला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला होता, अडेनोकार्सिनोमा प्रकारचा. तिने उभ्या जन्मात विडी-सिगारेट सोडाच, पानात तंबाखूची काडीही घातलेली नाही. रिपोर्टमधल्या एका ओळीभोवती बहिणीने लाल वर्तुळ काढलं होतं: ईजीएफआर म्युटेशन आढळले, एक्झॉन १९ डिलिशन. आणि खाली लिहिलं होतं, ‘ताई, म्युटेशन म्हणजे जीन्समधलंच ना? मग ते मला आणि दादालाही आलेलं असणार. टेस्ट कुठे करतात?’

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. पण हा प्रश्न आजवर इतक्या जणांनी विचारलाय की एकदा नीट लिहूनच काढावं म्हटलं. उत्तराचा पहिला भाग छोटा आहे: ईजीएफआर नावाच्या जनुकातलं ते म्युटेशन, म्हणजे डीएनएमधला बदल, जवळजवळ नक्कीच मावशीच्या फुप्फुसातल्या गाठीत तयार झालंय, ते मुलांकडे उतरत नाही. दुसरा भाग मात्र लांबतो. कारण फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका काही अंशी वारशाने येतो हेही खरंच आहे. फक्त तो जिथून येतो असं आपल्याला वाटतं, तिथून येत नाही.

आपल्या पेशीत डीएनएची सुमारे तीन अब्ज अक्षरांची पोथी असते. खरं तर दोन पोथ्या, एक आईकडची, एक वडिलांकडची. जुनी हस्तलिखितं ज्यांनी हाताळली आहेत त्यांना ठाऊक असतं, की एकाच ग्रंथाच्या दोन प्रती कधी तंतोतंत जुळत नाहीत. एका नकलकाराने वेलांटी बदललेली असते, कुठे शब्द गाळलेला असतो, आणि पुढच्या नकलकाराने तीच चूक इमानेइतबारे उतरवलेली असते. अभ्यासक याला पाठभेद म्हणतात. कुठल्याही दोन माणसांच्या पोथ्या शेजारी ठेवल्या तर साधारण हजार अक्षरांमागे एक पाठभेद सापडतो. तो जन्माच्याही आधीपासून अंगातल्या प्रत्येक पेशीत असतो आणि पुढच्या पिढीकडे जाऊ शकतो.

डाग ही वेगळी गोष्ट. पोथी वापरता वापरता पानावर चहा सांडतो, उदबत्तीची ठिणगी पडते. तो डाग त्या प्रतीवर राहतो, आधी उतरवून घेतलेल्या नकलांवर उमटत नाही. कॅन्सर हा अशा डागांचा आजार आहे. एका पेशीच्या पोथीत नेमक्या जागी चार-दोन डाग पडले की ती पेशी वाटेल तशी वाढायला लागते. सिगारेट हे डाग पाडण्याचं यंत्रच म्हणावं लागेल. २०१० साली ब्रिटनमधल्या सँगर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी फुप्फुसाच्या एका कॅन्सरचा सगळा डीएनए वाचून काढला. त्यात २२ हजारांहून जास्त बदल सापडले. त्यांनी हिशेब मांडला, तो असा: साधारण दर १५ सिगारेटींमागे एक डाग.

मावशीचं ईजीएफआर म्युटेशन हा असाच एक डाग, फक्त धुराशिवाय पडलेला. भारतात या प्रकारच्या कॅन्सरच्या तीन-चार रुग्णांमागे साधारण एकात तो सापडतो. त्यातल्या त्यात चांगली बातमी अशी, की त्यावर नेमकं काम करणाऱ्या गोळ्या निघाल्या आहेत. म्हणून तर डॉक्टर ही तपासणी आवर्जून करायला सांगतात. ती तपासणी औषध निवडण्यासाठी असते. घराण्याची कुंडली मांडायला नसते.

आता पाठभेदांकडे. या गोष्टीची सुरुवात एका फार हुशार आणि तितक्याच हट्टी माणसापासून होते.

आपल्याकडच्या कृषी महाविद्यालयांत शिकलेल्यांना संख्याशास्त्राच्या पेपरातली ‘एफ-टेस्ट’ आठवत असेल. त्यातला ‘एफ’ म्हणजे रोनाल्ड फिशर. आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घालणाऱ्यांतला हा एक आणि अनुवंशशास्त्रातलाही बाप माणूस. १९५० साली लंडनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी दाखवून दिलं होतं, की फुप्फुसाच्या कॅन्सरचे रुग्ण आणि सिगारेट यांचं नातं घट्ट आहे. फिशरला ते पटेना. १९५७-५८ मध्ये त्याने लागोपाठ पत्रं आणि टिपणं लिहिली. त्याचं म्हणणं असं: दोन गोष्टी बरोबर चालतात म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. काही लोकांच्या रक्तातच असं काही असेल, की ज्यामुळे त्यांना सिगारेटची ओढही लागते आणि कॅन्सरही होतो. मग सिगारेट बिचारी निर्दोष. पुरावा म्हणून त्याने जुळ्यांची आकडेवारी दिली. एकसारख्या जुळ्यांच्या धूम्रपानाच्या सवयी साध्या जुळ्यांपेक्षा जास्त मिळत्याजुळत्या निघाल्या होत्या.

फिशर स्वतः पाइप ओढायचा आणि तंबाखू उत्पादकांच्या समितीचा सल्लागारही होता, हे सांगून त्याला मोडीत काढणं सोपं आहे. मला तसं करायचं नाही, कारण त्याची शंका मूर्खपणाची नव्हती. ती गणितानेच खोडून काढावी लागली, आणि ते काम १९५९ साली जेरोम कॉर्नफिल्ड या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह केलं. त्याचा मुद्दा शाळकरी मुलालाही समजेल असा आहे. समजा, सिगारेट ओढणाऱ्यांना कॅन्सर नऊपट जास्त होतो आणि तो निव्वळ त्या गुप्त जनुकामुळे होतो. मग ते जनुक ओढणाऱ्यांमध्ये न ओढणाऱ्यांपेक्षा निदान नऊपट जास्त सापडायलाच हवं. त्याहून कमी असेल तर हिशेब जुळतच नाही. असं जनुक दाखवा, म्हणाला. कुणालाच दाखवता आलं नाही.

फिशर १९६२ मध्ये गेला. त्यानंतर सेहेचाळीस वर्षांनी ते जनुक सापडलं. म्हणजे, जवळजवळ.

२००८ च्या एप्रिलमध्ये तीन गटांनी एकाच वेळी निष्कर्ष छापले: फ्रान्समध्ये लिआँ इथली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था, ह्यूस्टनचं एमडी अँडरसन कॅन्सर सेंटर आणि आइसलँडची डीकोड कंपनी. त्यांची पद्धत म्हणजे चाळणी लावणं. हजारो रुग्ण आणि हजारो निरोगी माणसं घ्यायची, प्रत्येकाच्या पोथीतल्या लाखो जागा तपासायच्या आणि कुठला पाठभेद रुग्णांमध्ये जास्त दिसतो ते बघायचं. तिघांचंही बोट एकाच जागेवर पडलं, पंधराव्या गुणसूत्राच्या लांब बाजूवर. तिथे सीएचआरएनए५ आणि त्याची दोन भावंडं शेजारी शेजारी बसलेली आहेत. ही जनुकं कसली? मेंदूत निकोटिन ज्या कुलपात किल्लीसारखं बसतं, त्या कुलपाचे भाग बनवणारी. कॅन्सरचं जनुक शोधायला निघालेले लोक थेट तंबाखूच्या तलफेच्या दारात येऊन उभे राहिले होते.

इथे जरा थांबून बारकाईने बघू. हे कुलूप पाच प्रथिनांचं कडं असतं. त्यातलं एक अल्फा-५. त्यात ३९८ व्या जागी बहुतेकांमध्ये अस्पार्टिक ॲसिड असतं, काहींमध्ये ॲस्परजिन. पोथीत फक्त एक अक्षर बदललेलं, ‘जी’च्या जागी ‘ए’. युरोपीय वंशाच्या लोकांत हा पाठभेद भरपूर आढळतो, पूर्व आशियात अगदी क्वचित. बदललेल्या अक्षराचं कुलूप निकोटिनला मंद प्रतिसाद देतं.

मंद प्रतिसाद म्हणजे तलफ कमी, असं कुणालाही वाटेल. होतं उलटंच, आणि का ते सांगायला मराठीत आयता शब्द आहे. आपण म्हणतो, ‘तंबाखू लागली’. पहिल्यांदा चिमूट तोंडात टाकलेल्या पोराला घाम फुटतो, गरगरतं, तो भिंतीला धरून बसतो, आणि कट्ट्यावरचे बाकीचे हसतात: लागली रे याला! हे लागणं म्हणजे मेंदूची ‘आता पुरे’ अशी घंटा. मेंदूच्या खोल भागात हॅबेन्युला नावाचा दाण्याएवढा केंद्रबिंदू आहे, त्यात अल्फा-५ भरपूर असतं, आणि ही घंटा वाजवण्यात त्याचा मोठा हात आहे. २०११ साली अमेरिकेत पॉल केनी यांच्या गटाने अल्फा-५ नसलेले उंदीर तयार केले आणि त्यांना कळ दाबून निकोटिन घेण्याची सोय दिली. साधे उंदीर डोस जड झाला की हात आखडता घेत. हे उंदीर जड डोसलाही कळ दाबतच राहिले. त्यांना तंबाखू लागत नव्हती.

त्या एका अक्षराने माणसात साधारण हेच होतं असं दिसतं. गंमत म्हणजे त्यामुळे कुणी सिगारेट सुरू करतो की नाही यात फारसा फरक पडत नाही. सुरू केल्यावर किती ओढतो, यात पडतो. मोजून पाहिलं तर दिवसाला एखादीच जास्त, म्हणजे दिसायला किरकोळ. पण पाकिटातल्या काड्या मोजणं हे कच्चं माप आहे. निकोटिन शरीरात मोडल्यावर कोटिनिन तयार होतं, ते रक्तात मोजलं तेव्हा फरक बराच मोठा निघाला. हे लोक तीच सिगारेट खोलवर, शेवटपर्यंत ओढतात. आपल्याकडची विडी डोळ्यांसमोर आणा: विझू नये म्हणून सारखी ओढत राहायची, नखाला चटका बसेपर्यंत. दोघांच्या हातात दहाच विड्या असतील, पण छातीत गेलेला धूर सारखा असेलच असं नाही.

२००८ मध्ये तिन्ही गटांचं जागेवर एकमत होतं, कारणावर नव्हतं. आइसलँडच्या गटाचं म्हणणं, हे जनुक तलफ वाढवतं आणि कॅन्सर धुराने होतो. उरलेले दोघे म्हणत, फुप्फुसाच्या पेशींवरही ही कुलपं असतात, तेव्हा जनुक थेटही काही करत असणार. कोटिनिनच्या मोजमापांनंतर पारडं बरंच पहिल्या बाजूला झुकलं. थेट परिणाम थोडासा असेलही, पण एक गोष्ट बोलकी आहे: कधीच न ओढणाऱ्यांमध्ये या पाठभेदाचा धोका जवळपास नाहीसा होतो.

मग फिशर जिंकला की हरला? धूम्रपान आणि कॅन्सर दोघांनाही शिवणारं जनुक असेल, हे तो बरोबर बोलला. पण कॉर्नफिल्डची अट आठवा. हा पाठभेद ओढणाऱ्यांत नऊपट सोडा, दुप्पटही सापडत नाही. न ओढणाऱ्यांतही तो जवळपास तितकाच असतो. तेव्हा सिगारेटच्या नावावर लागलेला दोष त्याच्या खात्यावर टाकता येत नाही. शिवाय त्याचं वजन पाहा. या अक्षराची एक प्रत असेल तर ओढणाऱ्याचा धोका सुमारे १.३ पट होतो, दोन्ही प्रती असतील तर सुमारे १.८ पट. सिगारेटचा आकडा मात्र १५ ते ३० पट असा असतो. ब्रिटनमधला २००० सालचा हिशेब सांगतो, की आयुष्यभर ओढणाऱ्या शंभर पुरुषांपैकी सुमारे १६ जण पंचाहत्तरीच्या आत फुप्फुसाच्या कॅन्सरने जातात. पन्नाशीला सोडली तर ६, तिशीला सोडली तर २. एकाही जनुकाच्या हातात एवढा मोठा खटका नाही.

‘आमचे आजोबा रोज एक कट्टा विड्या ओढायचे, नव्वदीत गेले’ हे वाक्य मला वर्षातून चार वेळा तरी ऐकावं लागतं. शंभरात १६ म्हणजे ८४ जण पंचाहत्तरीच्या आत त्या कॅन्सरने जात नाहीत, तेव्हा असे आजोबा प्रत्येक गावात असणारच. काहींच्या बाजूने जनुकंही असतात. उदाहरणार्थ, यकृतात सीवायपी२ए६ नावाचं एन्झाइम निकोटिन मोडतं. ते ज्यांच्यात मंद असतं त्यांच्या रक्तात निकोटिन रेंगाळतं, म्हणून पुढची सिगारेट उशिरा आठवते. त्यातून तेच एन्झाइम तंबाखूतल्या नायट्रोसामाइन्स नावाच्या काही रसायनांना घातक रूप देतं, तेव्हा ते मंद असणं दुहेरी फायद्याचं. जपानी लोकांत असे पाठभेद बरेच आहेत. पण यकृताकडे बघून कुणी विडी पेटवत नाही, आणि आजोबांच्या पोथीचा अर्धाच भाग बाबांकडे आला होता, हे विसरू नये.

आता मावशीकडे वळू, कारण तिच्या बाबतीत हे सगळं लागूच होत नाही. न ओढणाऱ्या बायकांमध्ये हा कॅन्सर पूर्व आणि आग्नेय आशियात खूप दिसतो, म्हणून तिथल्या संशोधकांनी एकत्र येऊन फक्त अशा बायकांचा अभ्यास केला. २०१२ साली छापलेल्या त्या कामात चीन, तैवान, हाँगकाँग, दक्षिण कोरिया, जपान आणि सिंगापूरच्या साडेपाच हजारांवर रुग्ण होत्या. पंधराव्या गुणसूत्रावरची ती प्रसिद्ध जागा इथे गप्प बसली. दुसऱ्याच जागा बोलू लागल्या, आणि त्यात ठळक होती पाचव्या गुणसूत्रावरची टीईआरटी.

टीईआरटीची गोष्ट जरा चक्रावणारी आहे. साडीच्या पदराच्या टोकाला धागे सुटू नयेत म्हणून गोंडे बांधतात, तशी गुणसूत्रांची टोकं टेलोमिअरने बांधलेली असतात. पेशी दरवेळी दुभंगते तेव्हा ती थोडी झिजतात. पार झिजली की पेशी थांबते. टीईआरटी हे त्यांना पुन्हा लांब करणारं यंत्र. लांब टेलोमिअर म्हणजे तारुण्य, अशी जाहिरात तुम्ही कुठेतरी वाचली असेल. पण ज्यांना वारशाने लांब टेलोमिअर मिळतात त्यांच्यात अडेनोकार्सिनोमाचा धोका जास्त दिसतो. कारण थांबायला हवी होती ती पेशी थांबत नाही, आणि डाग साठायला तिला जास्त मुदत मिळते. उलट टेलोमिअर फार आखूड असतील तर फुप्फुस तंतुमय होऊन कडक होण्याचा आजार संभवतो. निसर्गाने इथे कुणालाच फुकट काही दिलेलं नाही.

आणि पाठभेदांचा डागांशी संबंध असतो का? म्हणजे कुठला डाग पडेल, हे वारसा ठरवतो का? युरोपीय वंशाच्या रुग्णांत ईजीएफआरचे डाग दहा-पंधरा टक्क्यांत दिसतात, पूर्व आशियात निम्म्यांत. मेक्सिको आणि कोलंबियातल्या रुग्णांवर २०२१ मध्ये झालेल्या कामात, ज्याच्या पोथीत तिथल्या मूळ आदिवासींचा वाटा जास्त, त्याच्या गाठीत ईजीएफआरचा डाग असण्याची शक्यता जास्त, असं दिसलं. सिगारेट हिशेबात धरूनही ते टिकलं. तेव्हा काहीतरी वारशाने येतं आहे. पण ते वाऱ्याची दिशा सांगण्यासारखं आहे, वीज कुणाच्या घरावर पडेल ते नव्हे.

एकेका अक्षराने धोका थेट मोठा करणारी घराणीही आहेत, पण फार थोडी. टीपी५३ हे जनुक बिघडल्याने होणारा ली-फ्रॉमेनी सिंड्रोम हे एक. त्यात लहान वयात निरनिराळे कॅन्सर होतात, फुप्फुसाचाही. बीआरसीए२ हे जनुक स्तनाच्या कॅन्सरमुळे सगळ्यांना माहीत आहे. त्यातला एक विरळ पाठभेद फुप्फुसाच्या स्क्वेमस प्रकाराचा धोका सुमारे अडीचपट करतो, असं २०१४ मध्ये दिसलं. आणि तिसरं उदाहरण थेट बहिणीच्या प्रश्नाशी येऊन भिडतं. ईजीएफआरमध्येच टी७९०एम नावाचा बदल आहे. एरवी तो औषध चालू असताना गाठीत उगवतो आणि औषध निकामी करतो. पण २००५ साली एका अशा कुटुंबाची नोंद झाली, ज्यात तो वारशाने चालत आला होता आणि अनेकांना फुप्फुसाचा कॅन्सर झाला होता. म्हणून उपचार सुरू होण्याच्या आधीच रिपोर्टमध्ये टी७९०एम दिसला, तर डॉक्टर सावध होतात आणि रक्ताची वेगळी तपासणी करायला सांगतात.

मी बहिणीला सगळी पानं पाठवायला सांगितली. टी७९०एम कुठेच नव्हता. तिला म्हटलं, तुझ्या डॉक्टरांनाही विचार, पण यात तुम्हा भावंडांकडे उतरण्यासारखं काही दिसत नाही.

‘म्हणजे आम्हाला काहीच धोका नाही?’

तसंही नाही. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडाला हा कॅन्सर झाला असेल तर आपला धोका साधारण दीडपट धरतात, धूम्रपानाचा हिशेब वजा करूनही. आता दीडपट कशाच्या, ते महत्त्वाचं. ती कधी ओढत नाही, तिचा मूळ धोकाच शंभरात एकाच्या आसपास किंवा कमी. त्याची दीडपट म्हणजे काही फार नाही. तिचा भाऊ ओढतो. त्याच्या सोळाची दीडपट केली की चोवीस होतात. गुणाकार तोच, पण गुण्य वेगळं. घराण्यातला वारसा आणि सिगारेट एकमेकांचे पर्याय नाहीत, ते एकमेकांना गुणतात.

दुसऱ्या दिवशी भावाचाच फोन आला. त्याने रात्रीत बरंच वाचलं होतं. घरी किट येतं, त्यात थुंकून परत पाठवायचं आणि जनुकांचा गुणांक कळतो, तसलं काहीतरी त्याने शोधून काढलं होतं. मी सांगितलं, ते गुणांक बहुतांश युरोपीय आणि थोडे पूर्व आशियाई लोकांच्या आकडेवारीवर बेतलेले असतात, आपल्यावर ते नीट बसतीलच असं नाही. आपल्याकडे जीनोम इंडिया प्रकल्पात दहा हजार जणांचे जनुकसंच वाचून झालेत आणि २०२५ च्या जानेवारीत ते संशोधकांना खुले केलेत, पण ती सुरुवात आहे. आणि समजा सीएचआरएनए५ चा निकाल आलाच, तर तो तुला काय सांगणार? की तुला तंबाखू लागत नाही. ते तुला माहीतच असेल.

‘मला कसं माहीत असेल?’

मी विचारलं, सकाळी उठल्यावर पहिली कितव्या मिनिटाला? निकोटिनच्या व्यसनाची तीव्रता मोजणारी फॅगरस्ट्रॉम नावाची प्रश्नावली आहे. तिच्यात या प्रश्नाला मोठं वजन असतं. पाच मिनिटांच्या आत असेल तर पुरे तीन गुण. पंधराव्या गुणसूत्रावरच्या त्या पाठभेदाचं या वेळेशी नातं दिसलंय, आणि या वेळेचं कॅन्सरशीही, दिवसाच्या सिगारेटी सारख्याच धरल्या तरी.

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘चहाच्या आधी. गॅलरीत. ही उठायच्या आत उरकतो.’